दोन हजारांच्या आतले इअरबड्स घेताना आधी समोरच्याला काय ऐकू येतं ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी आहेत, राहायला कोल्हापुरात, फिरती कागल, इचलकरंजी आणि गडहिंग्लज भागात. दिवसभर डॉक्टरांचे आणि स्टॉकिस्टचे फोन, एसटीत आणि रात्री घरी गाणी. दोन हजारांच्या आत ट्रू वायरलेस इअरबड्स घ्यायचे आहेत. खोक्यावर कुठे ‘५० तास’, कुठे ‘क्वाड माइक’, कुठे ‘१३ मिमी ड्रायव्हर’ असं छापलेलं असतं, त्यातलं नेमकं काय बघायचं? आणि आधीच्या जोडीतला डावा कान हळू वाजायला लागलाय, तो कशामुळे?

मी शाहूपुरीत मोबाईल दुरुस्ती आणि ॲक्सेसरीजचं काम बरीच वर्षं करतोय, छोट्या मैफलींना साउंडही लावतो. बड्स विकले जातात तेव्हाही बघतो आणि बिघडून टेबलावर येतात तेव्हाही. त्यावरून माझं मत पक्कं झालंय, ते आधी सांगतो. तुमच्या कामात कॉल आधी, गाणी नंतर. दोन हजारांत गाण्याचा आवाज बऱ्यापैकी मिळतो आणि थोडा कमी पडला तर रबरी टिप बदलून, इक्वलायझर (बेस, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करायची सोय) लावून तो सुधारता येतो. माइक मात्र जसा आला तसाच राहतो. त्यात तो तुम्हाला स्वतःला ऐकू येत नाही. दुकानात बड्स कानात घालून आपण गाणं ऐकतो, खूश होतो, पैसे देतो. पुढे समोरचा माणूस ‘आवाज तुटतोय’ म्हणाला की नेटवर्कला दोष देतो. कितीतरी लोक खराब माइकचे बड्स असे वर्षभर वापरतात.

आता खोक्यावरचे शब्द. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) आणि एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) या गोंगाट कमी करायच्या दोन गोष्टींत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि विक्रेतेही तो फारसा दूर करत नाहीत. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरचा माइक भोवतालचा आवाज पकडतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. एसटीच्या इंजिनची घरघर, पंख्याचा, एसीचा आवाज अशा खालच्या आणि सलग आवाजांवर ते चांगलं चालतं. शेजारच्या सीटवरची बडबड, हॉर्न, भांड्यांचा आवाज त्यातून थोडाच कमी होतो, तिथे रबरी टिपच जास्त काम करते. ‘३२ डेसिबल एएनसी’ असा जो आकडा छापतात, तो एखाद्या सोयीच्या कंपनसंख्येवर मिळालेला सर्वांत मोठा आकडा असतो, सगळ्या आवाजांवर तेवढी घट मिळत नाही. ईएनसी हे समोरच्यासाठी असतं. तुमच्या माइकमध्ये शिरलेला गोंगाट फोनवर जाण्याआधी कमी करायचं ते काम. ‘नॉइज कॅन्सलेशन आहे’ असं कोणी म्हटलं तर लगेच विचारा, ऐकण्याचं की बोलण्याचं? तुम्हाला दुसरं हवंय.

ईएनसी कसं चालतं हे कळलं की ते कुठे फसेल हेही आपोआप कळतं. एका बडवर दोन माइक असतील तर आवाज दोन्हींपर्यंत पोचायला किंचित वेगवेगळा वेळ लागतो. त्या फरकावरून चिप ठरवते की हा आवाज तोंडाच्या दिशेने आला की बाजूने, आणि बाजूचा दाबते. उरलेलं काम सॉफ्टवेअर करतं. जो आवाज सलग एकसारखा आहे तो गोंगाट, जो चढउतार करतो तो माणसाचा आवाज, असा त्याचा साधा हिशेब. म्हणून पंखा, जनरेटर, रस्त्यावरची सलग वाहतूक ते चांगलं झाकतं. शिरोलीच्या फौंड्रीतली अचानक पडणारी धातूची खणखण ते झाकू शकत नाही. मागे कोणी मोठ्याने बोलत असेल तर तोही माणसाचाच आवाज, मग तो तुमच्या आवाजासोबत पुढे जातो. आणि जिथे गोंगाट फार आहे तिथे सॉफ्टवेअर इतकं जोरात कापतं की तुमच्या शब्दांचे शेवटही त्यात जातात. ‘क्वाड माइक’ म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येक बडला दोन, मिळून चार. दोन माइक हवेतच. चार या आकड्यावर मात्र वेगळा पैसा मोजू नका. त्यामागची चिप आणि सॉफ्टवेअर कसं आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आकाराचा मात्र खरोखर फरक पडतो. ज्या बडला खाली दांडी असते, एअरपॉड्सनी २०१६ साली रूढ केली तशी, त्याचा माइक तोंडाच्या दिशेला थोडा पुढे येतो. कानात पूर्ण बसणाऱ्या गोल, बटणासारख्या बडचा माइक कानाच्या पाळीपाशीच राहतो. अंतर दोन-तीन सेंटिमीटरचंच असतं, पण स्वस्त चिपला तेवढ्याचीही मदत होते. या किमतीत कॉलसाठी घेत असाल तर दांडीवालाच घ्या. यात मी फारसा अपवाद पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. गाणं सुंदर वाजत असतं, फोन येतो आणि सगळं एकदम डबक्यातून आल्यासारखं ऐकू येतं. तो बिघाड नव्हे. ब्लूटूथ गाण्यासाठी एक पद्धत वापरतं, ज्यात आवाज फक्त फोनकडून कानाकडे जातो. कॉलला दोन्ही दिशांनी जावा लागतो, तिथे दुसरी पद्धत, हँड्स-फ्री, लागते आणि तिची रुंदी कमी असते. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही. नव्या प्रकारात, ज्याला एमएसबीसी म्हणतात, १६,००० नमुने घेतात आणि बोलणं बरंच मोकळं होतं. तुमचा फोन आणि बड्स दोन्ही तो प्रकार चालवत असतील आणि कॉल व्होएलटीईवर, म्हणजे फोरजी नेटवर्कवरून, असेल तर फरक लगेच जाणवतो. लॅपटॉपवर मीटिंग झाल्यावर गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटत असतील तर कारण हेच. कुठलं तरी ॲप अजून माइक धरून बसलेलं असतं. ते बंद केलं की आवाज परत मूळपदावर येतो.

मराठी बोलताना या अरुंद वाटेचा त्रास कसा होतो ते तुमच्याच कामातून बघा. स्टॉकिस्टला तुम्ही सांगता ‘साठ स्ट्रिप पाठवा’, तो लिहून घेतो सात. ‘त’ आणि ‘ठ’ मधला फरक शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अगदी छोट्या स्फोटात असतो. त्यातला बराचसा भाग वरच्या कंपनांत असतो, शिवाय तो हळू असतो. लाइनने वरचं कापलं आणि ईएनसीने शेवट कापला की उरतं फक्त ‘सा’. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचंही तसंच, जसं फडके आणि खडके. म्हणून मी चाचणी करताना कोणाला ‘माझा आवाज कसा येतोय?’ असं विचारत नाही. लोक सवयीने ‘चांगला येतोय’ म्हणतात. त्याऐवजी मी समोरच्याला वही-पेन घ्यायला सांगतो आणि आकडे, आडनावं वाचून दाखवतो: साठ, सात, आठ, अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव, पासष्ट, सदुसष्ट, शेंडे, शिंदे, पोतदार, फडके. औषधांची नावं तुमच्याकडे आहेतच, एकमेकांसारखी वाटणारी दहा निवडा. समोरच्याने काय लिहिलं ते मिळवून बघा. किती चुकलं यावरून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही रिव्ह्यूतून कळत नाही.

ही यादी तीन प्रकारे वाचायची. एकदा फोन थेट कानाला लावून, एकदा बड्स घालून आणि जमलं तर एकदा साध्या वायरच्या इअरफोनवरून. फोन कानाला लावून जेवढं नीट जातं तो तुमचा पाया. बड्स त्याच्या जवळपास आले तर ते चांगले समजा. घरच्यांना तुमचा कॉल स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, म्हणजे नंतर स्वतः ऐकता येईल. आपल्याच फोनच्या रेकॉर्डर ॲपवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच फोनमध्ये ते बड्सचा माइक न घेता फोनचाच घेतं आणि आपल्याला वाटतं बड्स उत्तम आहेत.

जागाही बदला. घरातल्या शांत खोलीत सगळेच बड्स पास होतात, ती फक्त सुरुवात. मग दाभोळकर कॉर्नरला सिग्नलपाशी उभं राहून तीच यादी वाचा. रिक्षा, बसगाड्या, हॉर्न सगळं मिळून एक जाड, सलग गोंगाट असतो. ईएनसी बरं असेल तर तो मागे सरकतो. तिसरी जागा संध्याकाळी रंकाळ्याची चौपाटी. ऐकायला ती शांत वाटते, पण माझ्या मते शहरातली सगळ्यात कठीण परीक्षा तीच आहे, कारण तिथे वारा आणि माणसांचं बोलणं दोन्ही असतं. वारा माइकच्या छिद्रावरून घासत जातो तेव्हा आवाज माइकपाशीच तयार होतो. तो बाहेरून येतच नाही, त्यामुळे दिशा ओळखून कापायचं गणित तिथे चालत नाही. समोरच्याला नुसतं ‘फर्र फर्र’ ऐकू येतं. जाळीच्या आत खोल बसवलेला माइक वाऱ्यात थोडा बरा टिकतो. दांडीच्या टोकाला उघडं छिद्र दिसत असेल तर पन्हाळ्यावर उभं राहून बोलायचं सोडून द्या. इचलकरंजीत यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये तर कुठल्याच स्वस्त बड्सवरून कॉल करू नका. दार ओलांडून बाहेर या, मग बोला.

गाडी चालवताना वापरण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण फिरतीची माणसं हे करतात म्हणून सांगतो. बाइकवर कानात बड्स नकोत, एका कानातही नको, एएनसी तर मुळीच नको. हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकचा खालचा आवाज हाच एएनसी सगळ्यात चांगला दाबतं. आणि बाइकच्या वेगात वाऱ्यामुळे तुमचं बोलणं तसंही पोचत नाही. कागलच्या रस्त्याला फोन वाजला तर बाजूला थांबा, हेल्मेट काढा, बोला.

आता कानात बसण्याबद्दल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे ‘बेस नाही’ म्हणून येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींत बड ठीकच असतो. रबरी टिपचे बड्स कानाची वाट बंद करतात. ती नीट बंद झाली तरच खालचे आवाज आत टिकतात. थोडीशी फट राहिली की तबल्याचा डग्गा गायब होतो आणि फक्त चाट ऐकू येते. खोक्यात तीन मापांच्या टिप्स येतात. लोक मधली लावतात आणि बाकीच्या फेकून देतात. तिन्ही लावून बघा, दोन कानांना वेगळी मापं लागली तरी त्यात नवल नाही. बड आत घालून थोडा मागे फिरवा, जबडा हलवा, काही शब्द बोला. सैल झाला तर मोठी टिप लावा.

पण याच बंदपणाचा कॉलवर उलटा परिणाम होतो. कान बंद असला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, चालताना पावलं धपधप ऐकू येतात. दिवसातून दोन-चार कॉल असतील तर सवय होते. तुमच्यासारखं सारखं बोलायचं असेल तर तासाभरात कंटाळा येतो आणि नकळत आपण हळू बोलायला लागतो, मग समोरच्याला अजून कमी ऐकू येतं. रबर नसलेले, कानाच्या कडेवर टेकणारे अर्धे बड्स यात आरामाचे. स्वतःचा आवाज नैसर्गिक येतो, केबिनबाहेर कंपाउंडरने हाक मारली तरी कळते. मात्र एसटीत त्यांचा बेस रस्त्यावरच सांडतो आणि माणूस आवाज वाढवत जातो. दोन्ही गोष्टी एका जोडीत हव्या असतील तर टिपवाले घ्या, पण ज्यांना ट्रान्सपरन्सी म्हणजे बाहेरचं ऐकू देणारा मोड आहे असेच. तो कॉलमध्ये चालू राहतो का हे दुकानातच तपासा, काही बड्स कॉल लागताच तो बंद करतात. नाहीतर सरळ एकच बड घालून बोला. हल्ली बहुतेक बड्स एकेकटे चालतात, आणि दोन आळीपाळीने वापरले तर दिवसही निघतो.

गाण्यांबद्दल. ड्रायव्हर म्हणजे बडमधला छोटा स्पीकर, त्याच्या मिलिमीटरवर जाऊ नका. १३ मिमीचा वाईट आणि ८ मिमीचा चांगला, दोन्ही माझ्या हातातून गेलेत. पडदा कशाचा आहे, मागे हवा कशी कोंडली आहे, चिपमध्ये आवाजाची जुळणी कशी केली आहे, यावर सगळं ठरतं. या किमतीतल्या बहुतेकांची जुळणी बेस आणि वरचा खणखणाट वाढवून, मधला भाग दाबून केलेली असते. दुकानातल्या अर्ध्या मिनिटात ते भारी वाटतं. पण माणसाचा गळा, हार्मोनियम, सारंगी हे सगळं त्या मधल्या भागात राहतं. म्हणून दुकानात डीजेचं गाणं लावू नका. बाईमाणसाचा उंच सूर असलेली एखादी लावणी लावा. ढोलकीची थाप कानावर बसली पाहिजे, पण तिने गळा झाकता कामा नये. मग तानपुऱ्यावर चाललेला एखादा ख्याल लावा. ज्या शहरात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते तिथे खरा तानपुरा ऐकायची सोय अजून आहे. देवल क्लब या संगीतसंस्थेत एखादी बैठक समोर बसून ऐकली की जवारीचा तो सलग झंकार कानात राहतो. बड्समध्ये तोच झंकार चुरचुर करत फुटत असेल तर ते बड्स वरच्या पट्टीत कच्चे आहेत. तबल्यात डग्ग्याचा घुमारा आणि त्यावरची मींड वेगवेगळी कळली पाहिजे. नुसतं ‘धब्ब’ ऐकू आलं तर बेस वाढवलेला आहे, पण त्यात बारकावा नाही.

एक तपासणी मी प्रत्येक जोडीवर करतो: एकट्या माणसाचं बोलणं लावायचं, एखादी मुलाखत, बातम्या. आवाज डोक्याच्या बरोब्बर मधे आला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर बड्सची अदलाबदल करू नका, टिप नीट बसवून पुन्हा ऐका. तरीही झुकत असेल तर डावा-उजवा जुळलेला नाही, ती जोडी परत करा.

कोडेकचा, म्हणजे फोनकडून बडकडे गाणं दाबून पाठवायच्या पद्धतीचा, बाऊ करू नका. एसबीसी सगळ्या ब्लूटूथ बड्समध्ये असतोच, आणि नीट वापरला तर सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो. आयफोन एसबीसी आणि एएसी या दोघांवरच चालतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅक या वेगळ्या कोडेकसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. सोनीचा एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण तुम्ही फुकटच्या यूट्यूबवर गाणी ऐकणार असाल तर मूळ आवाजच दाबलेला आहे, रुंद नळीने त्यात भर पडत नाही. वर एलडॅक चालू केला की बॅटरी लवकर उतरते आणि सीबीएस स्टँडच्या गर्दीत आवाज तुटू शकतो, कारण ब्लूटूथ आणि वायफाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात वावरतात. ब्लूटूथ ५.३ की ५.४ यावरूनही आवाज ठरत नाही. ५.० किंवा पुढचं असलं की तुमचं भागतं. मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मल्टिपॉइंट महत्त्वाचं. कंपनीचा एक फोन आणि स्वतःचा एक असे दोन तुम्ही बाळगत असाल तर दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात. दोन हजारांत ते आता मिळतं, शोधून घ्या.

बॅटरीचा ‘५० तास’ हा आकडा केससकट असतो, आवाज अर्धा, एएनसी बंद, आणि सलग गाणी. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा आहे: केसमधून काढल्यावर एका दमात कॉल किती चालतो? तो बहुतेक वेळा छापतच नाहीत. एका बडमध्ये साधारण ३० ते ६० एमएएचची बॅटरी मावते. कॉलमध्ये माइक, ईएनसी आणि दोन्ही दिशांचं रेडिओ एकदम चालतं, त्यामुळे गाण्यापेक्षा वेळ बराच कमी मिळतो. विकत घेतल्यावर पहिल्याच रविवारी पूर्ण चार्ज करून घरच्याच फोनवर लांब कॉल लावून ठेवा आणि बघा. तीन तासांच्या खाली आलं तर तुमच्या दिवसाला ते पुरणार नाही. वय झालं की हाच वेळ कमी होत जातो आणि आतली बॅटरी बदलणं परवडत नाही, कारण कवच गोंदाने चिकटवलेलं असतं आणि उघडलं की पाणी आत जायची वाट मोकळी होते. या वस्तूचं आयुष्य दोन-अडीच वर्षं धरून चला आणि किंमत त्याच हिशेबाने मोजा.

पाऊस हा आपल्याकडचा मोठा विषय. आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी सोसतं, आयपीएक्स५ म्हणजे नळीची हलकी धार. चाचणी गोड्या पाण्यात होते, घामात नाही, आणि घामातलं मीठ चार्जिंगच्या पितळी टोकांना खातं. केसला बहुतेक वेळा यातलं काहीच संरक्षण नसतं. जुलैत ओले बड्स तसेच केसमध्ये टाकायचे आणि झाकण लावायचं, हे मी रोज बघतो. आधी पुसा, पाच-दहा मिनिटं उघड्यावर ठेवा, मग केसमध्ये. ओलसर हवेत तासन्‌तास कान बंद ठेवला तर कानात बुरशीचा त्रास होतो, हे कान-नाक-घशाचे डॉक्टर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, तुमची तर त्यांच्याशी रोजची गाठ. आवाजाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. एसटीत एएनसी घ्यायचं माझ्या दृष्टीने खरं कारण हेच. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही.

आधीच्या जोडीचा डावा कान. फेकण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा समतोल बघा, पट्टी कधी कधी चुकून सरकलेली असते. ती मधे असेल तर जवळजवळ नक्की जाळीत मळ बसलाय. टिप काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. बड उलटा धरा, म्हणजे जाळी जमिनीकडे, आणि मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. भिंतीवर कागद चिकटवायची जी चिकणमातीसारखी पुटी मिळते ती जाळीवर दाबून उचलली तर मळ तिच्यासोबत येतो. टाचणी घालू नका, जाळी आत गेली की पडदा फाटतो. फुंकर मारू नका, मळ आत जातो. चार्जिंगची टोकं काळी पडली असतील तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. डावा बड नीट चार्जच होत नसेल तरी तो आधी बंद पडतो आणि लोकांना वाटतं आवाज गेला. इतकं करूनही हळूच वाजत असेल तर ड्रायव्हर गेला, त्यावर खर्च करू नका.

खरेदी. मी मॉडेलचं नाव देत नाहीये, कारण या किमतीत मॉडेल फार लवकर बदलतात. शिवाय वेगवेगळ्या नावांच्या कित्येक जोड्यांत जिएली, ब्लूट्रम, बीईएस, एअरोहा अशा त्याच चिप्स असतात. आज दिलेलं नाव तुम्ही वाचाल तोवर बाजारात असेलच असं नाही. पण साधारण अंदाज सांगतो: आठशेच्या खाली कॉलचा विचार सोडून द्या. बाराशे ते दोन हजारांत दांडी, प्रत्येक बडला दोन माइक, टिप्स, मल्टिपॉइंट, कंपनीचं स्वतःचं ॲप आणि त्यात इक्वलायझर, एवढं मिळायला हवं. रस्त्यावर मिळणारी महागड्या कंपनीची ‘फर्स्ट कॉपी’ घेऊ नका. फोनवर जोडणीची खिडकी अस्सलसारखी हुबेहूब उघडते, पण आत कसली बॅटरी आहे कोणालाच माहीत नसतं, आणि ती वस्तू तुम्ही डोक्याला लावता. खोक्यावर किंवा केसवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं.

राजारामपुरीतल्या दुकानात दोन-तीनशे जास्त लागले तरी मी तुम्हाला दुकानच सुचवेन, एका अटीवर: पैसे देण्याआधी तुमच्याच फोनला जोडून रस्त्यावर उभं राहून एक कॉल करू देतील. ऑनलाइन घेतलंत तर पैसे परत की फक्त बदली, ते आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी इअरबड्सना फक्त बदली असते, आणि वाईट माइकच्या बदली तसाच दुसरा माइक येतो. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटीसाठी वस्तू कोल्हापुरातच द्यायची की कुरिअरने पाठवायची ते विचारा, एक बड हरवला तर सुटा मिळतो का हेही विचारा. वॉरंटी टाळली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, बिल मात्र लागतं.

आणि शेवटी एक पर्याय, जो दुकानात कोणी स्वतःहून सांगत नाही. तुमचे कॉल दिवसाला दोन-अडीच तासांच्या वर जात असतील तर दोन हजारांचे बड्स घेण्याऐवजी हजार-बाराशेचा नेकबँड कामासाठी घ्या आणि उरलेल्या पैशांत गाण्यांसाठी साधे बड्स किंवा चांगला वायरचा इअरफोन. नेकबँडमध्ये बॅटरीला जागा जास्त, त्यामुळे एका चार्जवर दिवस निघतो. माइक हनुवटीच्या जवळ येतो, डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाताना कानातून काढला तरी गळ्यात राहतो, हरवत नाही. शर्टाच्या कॉलरला घासला तर खरखर होते, एवढं सांभाळा. तुमच्या यादीतल्या साठ आणि सातची चाचणी त्याच्यावरही करा, तीच जागा, तोच माणूस, तीच वही.